समुद्राच्या अलीकडे संपलेला रस्ता

२९ मे १९४१. रात्री आठच्या सुमारास ब्रिटिश नौदलाची 'ओरायन' ही क्रूझर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरात शिरली, तेव्हा तिच्या टाक्यांत जेमतेम १० टन तेल उरलं होतं आणि सहा इंची तोफांचे स्फोटक गोळे शिल्लक होते फक्त दोन. पुढच्या तोफा मोडून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. जहाजाचे कप्तान बॅक यांना सकाळीच विमानातून झाडलेली गोळी लागली होती आणि त्यातच ते गेले होते. क्रीट बेटावरून उचललेले सुमारे अकराशे सैनिक या जहाजावर होते. त्यांतले कितीतरी खालच्या मेसडेकवर, म्हणजे एरवी खलाशी जिथे जेवतात आणि झोपतात तिथे, दाटीवाटीने बसवलेले होते. उघड्या डेकपेक्षा तिथे सुरक्षित, असंच कुणालाही वाटलं असतं. पावणेअकराला अकरा जर्मन स्टुका विमानं डुबकी मारत आली आणि एक बॉम्ब ब्रिजमधून, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातून, आरपार जाऊन थेट त्या गर्दीत फुटला. नौदलाच्या अहवालात पुढचं वाक्य असं आहे की अंदाजे २६० माणसं मेली आणि २८० जखमी झाली.

त्यातल्या 'अंदाजे' या शब्दापाशी मी दरवेळी अडखळतो. तोफेचे गोळे किती उरले ते नेमकं माहीत आहे. माणसं किती गेली ते अंदाजे.

युद्धात विमानांचा मारा चालू असताना आपल्या सैनिकांना परत आणायला गेलेल्या जहाजांच्या कहाण्या आपण शौर्यकथा म्हणून वाचतो. त्या शौर्यकथा आहेतच, त्यात तिळमात्र शंका नाही. पण अशा कहाणीवर आपण टाळ्या वाजवतो तेव्हा एक प्रश्न त्या आवाजात बुडून जातो, आणि तो प्रश्न विचारायचा हक्क आणि जबाबदारी नागरिकांची आहे: या माणसांना तिथे पाठवणाऱ्यांनी त्यांच्या परतीचा विचार कधी केला होता? माझं म्हणणं असं की जहाजं गेली ते योग्यच झालं, अगदी जहाजं बुडत असतानाही गेली ते योग्यच झालं. पण खलाशांच्या त्या पुण्याईवर सरकारांना आपला हिशेब मिटवू देता कामा नये.

आधी क्रीटचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. भूमध्य समुद्रातलं हे लांबट बेट पूर्व-पश्चिम आडवं पसरलेलं आहे. बंदरं, शहरं, विमानतळ, चांगला रस्ता, सगळं उत्तर किनाऱ्यावर. आणि उत्तरेला ग्रीस, जो एप्रिल १९४१मध्ये जर्मनांच्या ताब्यात गेला होता. दक्षिणेकडे उंच डोंगर एकदम समुद्रात उतरतात. ब्रिटिशांचा मित्र इजिप्त दक्षिणेला, शत्रू उत्तरेला. म्हणजे या बेटावर रसद उतरवायची तर शत्रूच्या तोंडासमोर आणि माघार घ्यायची तर डोंगर ओलांडून. हे कळायला कुणी सेनापती असावं लागत नाही, शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावरही ते दिसतं.

ब्रिटिश सैन्य क्रीटवर उतरलं नोव्हेंबर १९४०च्या सुरुवातीला. जर्मन छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरले २० मे १९४१ रोजी. मधे साडेसहा महिने होते. या साडेसहा महिन्यांत बेटावरचे सेनापती वारंवार बदलले, विमानतळांचं संरक्षण अर्धवट राहिलं, आणि उत्तरेकडून डोंगर चढून दक्षिणेच्या स्फाकिया या कोळीवाड्याकडे जाणारा रस्ता समुद्राच्या अलीकडेच संपलेला होता, तो तसाच राहिला. कड्याच्या माथ्यावर आल्यावर रस्ता खलास. खाली गावापर्यंत फक्त खडकाळ पायवाट.

मे महिन्याच्या अखेरीस माघार घेणारी हजारो माणसं त्या रस्त्याने चालत आली. पांढऱ्या डोंगरांची रांग ओलांडून, रात्री चालायचं आणि दिवसा विमानांच्या भीतीने घळींत, गुहांत, ऑलिव्हच्या झाडांखाली दडायचं. बुटांचे तळ झिजून गेलेले, पाण्यासाठी विहिरीपाशी झुंबड. आणि अखेरीस त्या कड्यावर येऊन खाली समुद्र पाहायचा, पण जागच्या जागी थांबायचं, कारण खाली उतरायला परवानगी लागायची. किनारा लहान होता. बोटीबोटींनी माणसं जहाजांपर्यंत न्यायची, तीही रात्रीच्या तीन-साडेतीन तासांत. पहाटे तीनच्या सुमारास जहाजं हलली नाहीत तर उजाडेपर्यंत ती विमानांच्या टप्प्यातून बाहेर पडणार कशी? सगळी गणितं त्या तीन तासांवर येऊन ठेपली होती.

वरून आपली विमानं नव्हती. क्रीटवर उरलेली मोजकी ब्रिटिश लढाऊ विमानं हल्ल्याच्या आदल्या दिवशी, १९ मे रोजी, इजिप्तला परत गेली होती. आफ्रिकेतून येणाऱ्या लढाऊ विमानांचा पल्ला जेमतेम तिथवर पोचायचा. जर्मन विमानांना मात्र ग्रीसमधले तळ हाताशी होते, शिवाय स्कार्पान्टो बेटावरचा तळ क्रीटच्या पूर्वेला अगदी जवळ. २९ मेच्या पहाटे क्रीटच्या पूर्वेच्या कासो सामुद्रधुनीपाशी लढाऊ विमानं ताफ्याला येऊन मिळतील असं ठरलं होतं. ती ताफ्याला सापडली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सकाळी सहापासून बॉम्ब पडत होते.

त्या आदल्या रात्रीची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी. रिअर अॅडमिरल रॉलिंग्ज यांचा ताफा उत्तर किनाऱ्यावरच्या हेराक्लिओन बंदरात रात्री साडेअकराला पोचला. विनाशिका धक्क्याला लागत होत्या आणि माणसं भरून बाहेर उभ्या असलेल्या क्रूझरवर नेऊन सोडत होत्या. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी, सगळी फौज घेऊन, म्हणजे सुमारे चार हजार माणसं घेऊन, ताफा निघाला. लक्षात घ्या, ही हरलेली फौज नव्हती. हेराक्लिओनच्या आघाडीवर त्यांनी छत्रीधारी सैनिकांना मार देऊन शहर आणि विमानतळ राखले होते. त्यांच्याबरोबर ग्रीक सैनिकही लढले होते. त्या ग्रीकांसाठी जहाजांवर जागा नव्हती.

निघून पंचवीस मिनिटं होतात न होतात तोच 'इंपीरिअल' या विनाशिकेचं सुकाणू अडकलं. आदल्या दिवशी जवळ पडलेल्या बॉम्बने त्याला इजा झाली होती. रॉलिंग्ज यांनी 'हॉटस्पर'ला मागे थांबवलं: इंपीरिअलवरची माणसं उतरवून घे आणि तिला बुडव. हॉटस्परने अंधारात ते काम केलं आणि अंगावर नऊशे माणसं घेऊन ती ताफ्याच्या मागे लागली. तिला गाठता यावं म्हणून बाकीच्यांनी वेग कमी केला. या सगळ्यात जो वेळ गेला, त्यामुळे ताफा सामुद्रधुनीत शिरला तो सूर्य वर आल्यावर. 'हिअरवर्ड' या विनाशिकेवर बॉम्ब पडला आणि तिला मागे सोडून द्यावं लागलं. मग 'डिकॉय', मग 'डायडो', मग 'ओरायन', आणि ओरायनवर पुन्हा पुन्हा. ब्रिज आणि इंजिनरूम यांच्यातला संपर्क तुटला, सुकाणू निकामी झालं, तीन बॉयलररूमना इजा झाली, इंजिनविभागाचे तीन अधिकारी ठार झाले. तेलात समुद्राचं पाणी मिसळल्याने वेग कधी १२ नॉट तर कधी २५. हेराक्लिओनहून निघालेल्या चार हजारांपैकी सुमारे आठशे जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. जमिनीवर जिंकून, पाण्यावर.

त्या दिवशी भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल कनिंगहॅम यांच्यासमोर सरळ प्रश्न होता. स्फाकियाच्या कड्यावर अजून हजारो माणसं बसली आहेत. ती आणायला पुन्हा जहाजं पाठवायची का? थांबा म्हणणारी बाजू मुळीच पोकळ नव्हती. एक क्रूझर बांधायला वर्षानुवर्षं लागतात. हाच ताफा माल्टाला रसद पोचवत होता, सुएझ कालवा राखत होता, तोब्रुकमध्ये वेढल्या गेलेल्यांना जगवत होता. तो संपला तर क्रीटच्या काही हजारांपायी इजिप्त जायचं. आणि जहाजं जाऊन माणसं वाचतीलच याची तरी खात्री कुठे होती? ओरायनच्या मेसडेकवर जे झालं ते अजून कुणी धुऊनही काढलं नव्हतं. सैनिक किनाऱ्यावर राहिले असते तर कैदी झाले असते, जिवंत राहिले असते, असाही युक्तिवाद करता येतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो.

जहाज बांधायला नौदलाला तीन वर्षं लागतात, परंपरा घडवायला तीनशे, अशा आशयाचं कनिंगहॅम यांचं उत्तर इतिहासात नोंदलेलं आहे. ते नेहमी नौदलाच्या अभिमानाचं वाक्य म्हणून उद्धृत केलं जातं. मला त्यात अभिमानापेक्षा वेगळं काही दिसतं. परंपरा म्हणजे इथे विश्वास. पिछाडी राखणारा सैनिक खडकाआड बसून शेवटची काडतुसं झाडतो ते कशाच्या जोरावर? आपल्याला घ्यायला कुणीतरी येईल, निदान यायचा प्रयत्न करील, एवढ्या एका जोरावर. पावनखिंडीत बाजीप्रभू विशाळगडाच्या तोफांची वाट पाहत लढले असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. त्या तोफांचा आवाज म्हणजे दिलेल्या शब्दाची पोचपावती होती. हा शब्द एकदा मोडला की पुढच्या प्रत्येक लढाईत सैनिक आधी मागची वाट बघतो आणि मग समोरचा शत्रू. ते नुकसान कुठल्याही गोदीत दुरुस्त होत नाही.

वाचवलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांनी पुढे उत्तर आफ्रिकेत मोठा पराक्रम केला, त्यामुळे माघार 'फायद्याची' ठरली, असंही लिहिलं जातं. ते खरं आहे, पण मला तो आधार नको आहे. ती माणसं पुढे एक गोळीही झाडू शकली नसती, सगळी जखमी आणि निकामी असती, तरी त्यांना आणायला जाणं तितकंच योग्य होतं. देशाने पाठवलेल्या माणसाला परत आणणं ही गुंतवणूक नाही, ते देणं आहे.

पण या देण्यालाही मर्यादा आहे, आणि ती नाकारून कुणी माझी बाजू घेऊ नये. २२ मे रोजी याच समुद्रात 'ग्लॉस्टर' ही क्रूझर बुडाली. तिची माणसं पाण्यात होती. जवळची 'फिजी' त्यांना उचलायला थांबली नाही, तिने तराफे टाकले आणि ती पुढे गेली, कारण थांबली असती तर तीही तिथेच संपली असती. ग्लॉस्टरचे सातशेहून अधिक खलाशी गेले. त्याच संध्याकाळी फिजीही बुडाली. दुसऱ्या दिवशी 'केली' आणि 'काश्मीर' या विनाशिका बुडाल्या. केलीचे कप्तान होते लुई माउंटबॅटन, जे सहा वर्षांनी आपल्याकडे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आले. तिथे मात्र 'किपलिंग' ही विनाशिका तासन्‌तास बॉम्ब चुकवत फिरत राहिली आणि तिने दोन्ही जहाजांवरची २७९ माणसं पाण्यातून काढली. एक जहाज थांबलं नाही, एक थांबलं. फिजीच्या कप्तानाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, आणि किपलिंगच्या कप्तानापुढे माझी मान झुकते. समुद्रावर, त्या क्षणी, ज्याच्या जिवावर बेतलं आहे त्याने घेतलेला निर्णय घरात बसून तोलणं मला जमत नाही.

जे तोलायचं आहे ते त्या क्षणाच्या आधीचं. साडेसहा महिने कागदोपत्री, कचेऱ्यांत बसून, डोक्यावर विमान नसताना घेतलेले किंवा न घेतलेले निर्णय. तो न बांधलेला रस्ता.

क्रीटवरून सुमारे साडेसोळा हजार माणसं इजिप्तला पोचली. नौदलाने ३ क्रूझर आणि ६ विनाशिका गमावल्या, अठराशेहून अधिक खलाशी गमावले. बुडालेल्या क्रूझरांपैकी एकीचं नाव 'कलकत्ता'. १ जूनच्या सकाळी, शेवटची खेप घेऊन परतणाऱ्या जहाजांना विमानविरोधी तोफांचं संरक्षण द्यायला ती निघाली होती, आणि अलेक्झांड्रियापासून शंभरेक मैलांवर बुडाली. ती शेवटची खेपही सहज झालेली नव्हती. न्यूझीलंडचे पंतप्रधान पीटर फ्रेझर तेव्हा इजिप्तमध्ये होते. अजून एकदा जहाजं पाठवा, म्हणून त्यांनी कनिंगहॅम यांना गळ घातली. थकून नुकतीच परतलेली 'फीबी' आणखी चार जहाजांबरोबर पुन्हा निघाली आणि त्यांनी मिळून जवळपास चार हजार माणसं आणली. एका निवडून आलेल्या माणसाने आपल्या मतदारांच्या मुलांसाठी अॅडमिरलच्या दारात जाऊन उभं राहणं, हे मला या सगळ्या हकिगतीत फार मोलाचं वाटतं. राजकारण्याचं तिथे काय काम, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देईन.

तरीही स्फाकियाला सुमारे पाच हजार माणसं मागे राहिली. आणि कोण राहिलं ते नीट पाहायला हवं, कारण जहाजात जागा कमी असते तेव्हा राज्याच्या मनात कुणाची काय किंमत आहे ते उघडं पडतं. लढाऊ तुकड्या आधी, असा हुकूम होता. लष्करी तर्काला धरूनच होता. किनाऱ्याभोवती सशस्त्र पहारा होता, आणि तुकडी सोडून एकटेदुकटे आलेले मागे ठेवले जात होते. ग्रीस आणि क्रीट या दोन्ही माघारींत सायप्रस आणि पॅलेस्टाइनमधून भरती केलेल्या मजूर-पथकांतली माणसं मोठ्या संख्येने कैदी झाली. ज्यांनी गोदीत ओझी वाहिली, खंदक खणले, त्यांची पाळी शेवटी आली आणि ती आलीच नाही. उत्तर किनाऱ्यावरच्या रेथिम्नोला तर आणखी वेगळं घडलं. तिथल्या ऑस्ट्रेलियन फौजेने आपला विमानतळ शेवटपर्यंत राखला होता, पण माघारीचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. ३० मे रोजी त्यांना शरण जावं लागलं.

आणि २/७ ऑस्ट्रेलियन बटालियन. स्फाकियाच्या वर पिछाडी राखायचं काम तिच्याकडे होतं. बाकीच्यांना उतरता यावं म्हणून ती शेवटपर्यंत जागेवर राहिली. शेवटच्या रात्री हुकूम मिळाल्यावर अंधारात त्या पायवाटेवरून, मागे राहिलेल्यांच्या गर्दीतून वाट काढत ते किनाऱ्यावर पोचले, रांगेत उभे राहिले. थोडे गेले. मग पाण्यावरून नांगराची साखळी वर ओढल्याचा आवाज आला. बोट परत आली नाही.

लढाऊ तुकड्या आधी, हा नियम घालून दिल्यावर सर्वांत शिस्तीने लढलेली तुकडीच मागे राहावी, हे कुणाचं पाप? खलाशांचं नक्कीच नाही. तीन तासांत जेवढ्या बोटी फिरल्या तेवढ्या फिरल्या. दक्षिण किनाऱ्यावर एक साधा धक्का असता, रस्ता खालपर्यंत उतरलेला असता, तर त्याच तीन तासांत किती माणसं चढली असती याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मराठी माणसाला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. आपण दोनशे पासष्ट वर्षं पानिपतचं नाव उच्चारत आलो आहोत. त्यातही मागची वाट तुटलेली फौज, तिच्याबरोबर बायका-मुलं आणि यात्रेकरू, आणि अन्नाची वाट पाहणारी छावणी होती. युद्धाची बातमी देणारा तो सांकेतिक निरोप आपल्याला तोंडपाठ आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. शाळेत हे वाक्य शिकताना विश्वासराव आणि भाऊसाहेबांसाठी डोळ्यांत पाणी येतं. मोठं झाल्यावर मला त्यातल्या खुर्द्याचंच जास्त वाईट वाटू लागलं. घरोघरी माणसं गेली होती आणि निरोपात त्यांच्यासाठी शब्द होता तो सुट्या नाण्यांचा. ओरायनच्या अहवालातला 'अंदाजे' आणि हा 'खुर्दा' मला एकाच जातीचे वाटतात.

असे आपले लोक त्या दुसऱ्या महायुद्धातही होतेच. डिसेंबर १९३९मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला गेल्या, हिंदी सैनिक आणि त्यांची जनावरं. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा एक कंपनी जर्मनांच्या हाती पडली, बाकीच्यांतले कितीतरी जण डंकर्कच्या किनाऱ्यावरून बाहेर पडले, खेचरं मागे सोडून. डंकर्कहून एकूण ३,३८,२२६ माणसं आली. या आकड्यात ते आहेत, पण डंकर्कची गोष्ट सांगताना त्यांना फार क्वचित कुणी आठवतं. खुद्द चर्चिल यांनी ४ जून १९४० रोजी संसदेत बजावलं होतं की या सुटकेला विजय समजू नका, माघारीने युद्धं जिंकली जात नाहीत. लोकांनी त्या भाषणातलं किनाऱ्यांवर लढण्याचं वाक्य उचललं आणि हे सोडून दिलं.

ब्रिटिश संसदेची आणखी एक तारीख मला महत्त्वाची वाटते: १० जून १९४१. क्रीट पडून दहा दिवस झाले नव्हते. हाऊस ऑफ कॉमन्सचं सभागृह महिन्यापूर्वीच जर्मन बॉम्बने जळून खाक झालं होतं, खासदार दुसऱ्या जागी बसत होते. युद्ध ऐन भरात, देश एकटा. तरी त्या दिवशी क्रीटवर चर्चा झाली. विमानतळांचं संरक्षण का नव्हतं, इतके महिने हाती असताना काय केलं, हे विचारलं गेलं आणि चर्चिल यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं. त्या उत्तराने सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. पण युद्ध चालू आहे, सैनिकांचं मनोधैर्य खचेल, आता प्रश्न विचारू नका, असं म्हणून कुणी दार लावून घेतलं नाही. प्रश्न विचारणाऱ्यांच्या देशभक्तीचा हिशेब तिथे मागितला गेला नाही.

आपल्याकडे काय झालं? १९६२मध्ये नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचल प्रदेशाच्या, डोंगरांत सुती कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी सैनिक पाठवले गेले आणि ते मागे आले ते बर्फातून, वाट फुटेल तिकडून. पराभवानंतर हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांनी चौकशी केली. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. त्यांनी सप्टेंबर १९६३मध्ये लोकसभेत चौकशीच्या निष्कर्षांविषयी निवेदन केलं. अहवाल मात्र बंदच राहिला. साठ वर्षं उलटून गेली, सरकारं आली आणि गेली, सगळ्या रंगांची, पण कुणीही तो अधिकृतपणे लोकांसमोर ठेवला नाही. काही भाग बाहेर फुटला तो परदेशी पत्रकाराकडून. त्या डोंगरांतल्या सैनिकांच्या विधवा म्हाताऱ्या होऊन गेल्या. त्यांना नवरा शूर होता हे सांगायला दरवर्षी माणसं येत राहिली. त्याला तिथे त्या अवस्थेत कुणी आणि का पाठवलं, हे सांगायला कुणी आलं नाही.

कारगिलनंतर मात्र समितीचा अहवाल २०००मध्ये संसदेत ठेवला गेला. काही पानं झाकलेली होती, तरी ठेवला गेला. आकाश कोसळलं नाही, सैन्याचं मनोधैर्यही खचलं नाही. मग १९६२चा कागद कुणापासून लपवायचा आहे?

परतीची तयारी आधीपासून असली की काय होतं हेही आपण पाहिलं आहे. २०१५च्या मार्च-एप्रिलमध्ये येमेनवर सौदी आघाडीची विमानं बॉम्ब टाकत होती. अदनमध्ये रस्त्यावर लढाई चालू होती. 'आयएनएस सुमित्रा' ३१ मार्चच्या रात्री अदन बंदरात शिरली आणि ३४९ माणसं घेऊन निघाली. मग 'मुंबई' आणि 'तरकश' आल्या. माणसं समुद्रापलीकडे जिबूतीला उतरवायची, तिथून वायुसेनेची विमानं मुंबई आणि कोचीला आणणार, जिबूतीत मंत्री स्वतः ठाण मांडून बसलेले. हे सामान्य नागरिक होते, सैनिक नव्हते, आणि बॉम्ब त्यांच्या जहाजांवर रोखलेले नव्हते, त्यामुळे क्रीटशी त्याची बरोबरी मी करणार नाही. पण एक गोष्ट सारखी आहे: जहाज बंदरात किती वेळ थांबू शकतं ते किनाऱ्यावरच्या व्यवस्थेवर ठरतं. सुमित्राच्या खलाशांनी धाडस केलं, आणि त्या धाडसाला पुढची साखळी जोडलेली होती. माझगाव गोदीत बांधलेलं 'मुंबई' हे जहाज त्यात होतं याचा मला मुंबईकर म्हणून आनंद आहे, आणि त्या आनंदाला कुठलाही बट्टा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सैन्य देशाबाहेर किंवा दुर्गम आघाडीवर पाठवायचं ठरेल, तेव्हा संसदेच्या संरक्षणविषयक समितीसमोर, बंद दाराआड का होईना, परतीची योजना ठेवली जावी. तपशील गुप्त राहू देत. पण ती आहे की नाही, तिच्यासाठी पैसा आणि रस्ते आहेत की नाहीत, हे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना कळलं पाहिजे. आणि पराभव झाला, माघार झाली, तर तिच्या चौकशीचा अहवाल ठरावीक वर्षांनी आपोआप खुला व्हावा, एखाद्या सरकारची मर्जी लागू नये. पंचवीस वर्षं पुरेशी आहेत. तोवर ज्यांचे मुलगे गेले त्या आईबापांपैकी काही तरी हयात असतात.

क्रीटवर मागे राहिलेल्यांपैकी काहीजण शरण न जाता डोंगरात शिरले. तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घासातला घास दिला, कपडे दिले, एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवलं. हे करताना पकडलं गेल्यास काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जर्मनांनी कोंदोमारीत गावच्या पुरुषांना गोळ्या घातल्या होत्या आणि कांदानोस गाव जमीनदोस्त केलं होतं. तरी प्रेवेली मठातल्या साधूंनी सैनिकांना आसरा दिला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीच्या अंधारात ब्रिटिश पाणबुड्या मठाखालच्या किनाऱ्याजवळ वर आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. ज्या दक्षिण किनाऱ्यावर साडेसहा महिन्यांत सरकारला वाट करता आली नाही, तिथे शेतकऱ्यांनी आणि साधूंनी दोन महिन्यांत ती केली होती.